मानशीचं दार

फादर एलिझियोंच्या उजव्या डोळ्यात आता फक्त उजेड येतो,
अक्षर येत नाही.
म्हणून दर गुरुवारी मी पहिल्या फेरीबोटीनं दिवाडीला जातो,
त्यांच्या मराठीतल्या वेलांट्या दुरुस्त करतो.
बदल्यात बिनदुधाचा चहा
आणि एखादा ग्रीक शब्द.

या गुरुवारचा शब्द : असेबेया.
मी वहीत लिहिलं, अधर्म.
'तो कायम शेजाऱ्याच्या घरात सापडतो, मास्तर. खोडा.'
नास्तिकपणा?
'माझा थोरला भाऊ नास्तिक होता.
खुर्चीत मांजर निजलेलं असलं
तर उभ्यानं जेवायचा.'
अभक्ती?
ते थांबले. सुदाऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला.
'जवळ आलात. पण भक्ती म्हटलं
की तुम्हांला टाळ ऐकू येतात, आम्हांला ऑर्गन.
हा शब्द मुका आहे.'

मग रातांबा फोडावा तसा त्यांनी तो फोडला.
पुढचा 'अ' आपलाच, नकाराचा,
दोन्ही भाषांना एकाच आजीकडून आलेला.
आत बी : सेब्.
त्याची पूजा झाली ती नंतर.
त्याआधी, फार आधी,
ते नुसतं मागे सरणं होतं.
आपल्याहून मोठं काही समोर आलं
की पाय न विचारता घेतात ना
एक पाऊल मागे,
तेवढंच.
'तुमचा त्यज् धातू त्याचा चुलतभाऊ, असं पंडित म्हणतात,'
आणि बशीतला चहा फुंकत राहिले,
जणू घरातल्या लग्नाची बोलणी सांगितली.

परतताना बांधावरून आलो.
एकच माणूस जाईल एवढी वाट,
समोरून आंजेलीन, डोकीवर भारा.
ती चिखलात उतरली, घोट्याच्या वर,
मला वाट दिली.
मास्तर ना मी.

'कोरगूट बघितलं?' ती म्हणाली.
खारं पाणी सोसणारं भात,
पण शेंडे विडीसारखे जळलेले.
'रात्री मानस उघडी ठेवतात. भरतीलासुद्धा.
कोळंबी भरपूर येते म्हणे.'
कोण ठेवतं ते तिनं सांगितलं नाही.
भारा सावरला फक्त.

मानशीपाशी थांबलो.
मराठीत मानस म्हणजे मन, इथे पाण्याचं दार.
जुनं लाकूड, शेवाळलेलं.
ओहोटीला नदीकडे उघडतं,
भरती आली की तिच्या धक्क्यानं
मागे सरतं, मिटतं.
कुणी शिकवलेलं नाही त्याला.
त्याला उघडं ठेवायचं तर
ओंडका लावावा लागतो.
ओंडका तिथेच होता, ओला,
मधोमध झिजून खोबण पडलेला.

शाबलो चांगला माणूस आहे.
बांधावरच्या खुरसाला मेणबत्ती लावतो,
सोमवारी देवळात अभिषेकही.
दोन्हीकडची पावती त्याच्याकडे असते.
मानशीचा लिलाव त्याच्या नावावर आहे,
आणि त्यात चार आणे वाटा
माझा.

पाकीट पौर्णिमेनंतर येतं.
मी नोटा मोजत नाही, विश्वास आहे.
नोटांना वास येतो तो
कपाटातल्या डांबरगोळ्यांनी जातो.
पोरीची फी त्यातून जाते,
वहीसुद्धा त्यातलीच,
जिच्यात सकाळी मी लिहिलं होतं : अधर्म,
आणि खोडलं होतं.

धक्क्यावर येईतो पाणी चढू लागलं होतं.
ओंडका मी काढला नाही.
जड होता, हे एक.
आणि शाबलोला आधी विचारायला हवं, हे दुसरं.
तिसरं शोधत होतो, तेवढ्यात भोंगा झाला.

फेरीबोट धक्का सोडताना
आधी मागे सरते.
मगच वळता येतं तिला.
मी पुढच्या कठड्याला धरून उभा होतो,
तसाच राहिलो.
वहीत त्या शब्दासमोरची जागा कोरी आहे,
फादर गुरुवारी विचारतील.