नक्कल

पारोळ्याच्या तहसिलीत कोतवाल बुकाचं पान
शेंगदाण्याच्या फोलासारखं सुटतं.
भगतबापू भिंग धरून मोडी वाचतात,
मधेच चहाला थांबतात.

'धुडकू वल्द झिपरू यास मुलगा. दिवस नऊ. ताप.'
पुढच्या साली पुन्हा धुडकू. मुलगी. दिवस तीन.
मग वाळवीने खाल्लेली ओळ,
शेवटी फक्त: मयत.

मला पणजोबा हवा होता,
दाखल्यापुरता.

तो निघाला चौथा.
उखर्डू.
या नावाला आम्ही घरात हसायचो,
वडील तर यू. डी. लिहायचे.

आईचा रकानाच नाही.
पण तिनंच ठेवलं असणार
पोराला उकिरड्यावर,
आणि चार पावलं जाऊन
परक्या बाईसारखी परत येऊन
उचललं असणार.

'हाऊच शे ना?' बापू विचारतात.
शिक्क्याची शाई वाळलेली.
उद्या या, म्हणाले.