सातव्या गाण्यातला कुत्रा

एस्तेरनं लिंक पाठवली. दीड वर्षानं.
खाली एक शब्द नाही, हसरा चेहरासुद्धा नाही.
बारा गाणी, बेचाळीस मिनिटं,
आणि अल्बमच्या चित्रात कुणी आयरिश बाई,
डोक्यावर गुराख्याची टोपी, मागं ओलं कुंपण.

मी मिरजेत, सतारमेकर गल्लीत, मांडीवर तंबोरा घेऊन
जवारी घासत होतो. कानस थांबली.
चाचा म्हणाले, "वाजिद, मधेच हात उचलू नये,
खाच पडते."
फोन उपडा घातला.

रात्री ऐकलं. इअरफोनचा डावा कान तेवढा चालतो,
म्हणजे निम्मंच दुःख आलं माझ्या वाट्याला.
इंग्रजी मला दुकानापुरतं येतं:
लाकूड, पॉलिश, विमानानं पाठवायचा खर्च.
तरी कळलं, कुणीतरी घर सोडून गेलंय,
भांडण किटलीवरून नाही, कुत्र्यावरून आहे.
सातवं गाणं अख्खं त्या कुत्र्याचं.
तो दोन्ही घरी जातो, दोन्हीकडं जेवतो,
लठ्ठ होत चाललाय.
मी हसलो
आणि आठवं लावलंच नाही.

आमचा कुत्रा नव्हता.
वाटून घ्यावं असं काहीच नव्हतं,
घर एकसुद्धा झालं नाही, दोन कुठली.
कुणी मारलं नाही, कुणी कोंडलं नाही.
तिच्या आईनं चहा दिला, म्हणाली, पोरगा हाताचा चांगला आहे.
माझी अम्मी म्हणाली, पोरगी सुईची चांगली आहे,
टोचलेलं कळत नाही.
एवढ्या कौतुकात संपलं.
मग मिशन हॉस्पिटलची नोकरी सुटली, लिमरिकचा व्हिसा आला,
बॅगेत दोन किलो भडंग.
महालक्ष्मी चार मिनिटं उशिरा आली
आणि ती चार मिनिटं आम्हाला जास्त झाली.

त्या बाईची मला गंमत वाटते.
घोडा अमेरिकेचा, बूट अमेरिकेचे,
लांब रस्ता, धूळ, एकटा पेट्रोलपंप, सगळं उसनं.
फक्त हेल घरचा.
माझी फुफी अशीच, शेजारच्या मयतीला जायची
आणि स्वतःच्या नवऱ्यासाठी रडून यायची.

चौथ्या गाण्यात एक गिटार येतं,
आडवं ठेवून वाजवतात म्हणे, तारांवर लोखंडी कांडी सरकवत.
सूर रिषभावरून निघतो, गंधाराला पोचत नाही,
मधेच उभा राहतो,
एका पायात चप्पल घातलेल्या माणसासारखा.
ती मींड मी नऊ वेळा ऐकली.
दहाव्यांदा चाचांना ऐकवली.
त्यांनी चष्मा काढला, कान लावला.
"बाई गाते बरी," म्हणाले, "पण वाद्याची जवारी बंद आहे.
दोरा घालायला सांग."

दोरा म्हणजे सुताचा तुकडा, तार आणि हाडाच्या मधे.
केसभर सरकवायचा. जास्त गेला की तार मुकी,
कमी गेला की पत्रा.
मधे कुठंतरी एक जागा असते
आणि तिथं एकटी तार चौघींएवढी बोलते.
दीड वर्ष मी ती जागा शोधतोय,
इचलकरंजीच्या, पुण्याच्या, कुणाकुणाच्या तंबोऱ्यात.

एस्तेरला लिहिलं,
"सातव्या गाण्यातला कुत्रा कसा आहे?"
खोडलं. तेच पुन्हा लिहिलं.
पाठवलं तेव्हा तिकडं पहाटेचे पाच असावेत,
रात्रपाळी सुटायची वेळ.

जेवण झालं. भोपळ्याचं टेम्पोवाल्याशी भांडण झालं.
मग उत्तर आलं:
"कुत्रा? मी पाचव्यापर्यंतच ऐकलंय."

म्हणजे शेवटची पाच आमच्यात कुणीच ऐकलेली नाहीत.
राहू देत.
मी पाचवं परत लावलं.
त्यात ती किटली आहे,
आणि तिला उकळायला
अख्खं गाणं लागतं.