ओळंबा

स्यूरच्या कानातले खडे सुटलेत.
डॉक्टर म्हणाली, ते सगळ्यांच्याच कानात असतात,
राईहून बारीक, चुनखडीचे,
खाली कुठे ते सांगणारे. याचे जागचे हलले.
तिने त्याला टेबलावर आडवं केलं, मान वळवली,
थांबली, पुन्हा वळवली,
सुपातले खडे एका कडेला आणावेत तशी.
तरी उठताना त्याला अजून
फ्योर्डचं पाणी भिंतीवर चढलेलं दिसतं.

म्हणून यंदा डोंगरावर मी एकटी.
कुऱ्हाड, दोर, आणि त्याने पुठ्ठ्यातून कापून दिलेला
बोटीच्या नाळेचा बाक.
"सरळ झाड कुणीही आणेल," म्हणाला,
"तू पडून उठलेलं बघ."

दरड घसरली होती तिथे पाइन उभे आहेत
बुडाशी कोपरात दुमडलेले.
त्या वर्षी जमीन कलली, झाडं कलली,
आणि आत, पेशीपेशीत,
पिठाचे कण एका भिंतीवरून घरंगळून
दुसरीवर जाऊन बसले.
एवढीच खबर.
डोळे नाहीत, विचारायला कुणी नाही,
पीठ कुठे बसलं, बस.
मुळाचं टोक त्यावरून मातीत वळलं,
शेंडा त्याच खबरीवरून उलटा निघाला.
बेर्गेनला असताना हे मी परीक्षेत लिहिलं होतं,
आकृती काढून, बाण दाखवून.
पुठ्ठा कुठल्या बुंध्याला लावायचा
ते त्यात नव्हतं.

चार झाडं सोडली. पाचवं पाडलं.
कापावर वर्तुळं मधोमध नाहीत:
सव्वीस कडी गोल, शहाणी,
मग एकाएकी खालच्या अंगाला रुंद, तांबूस,
नखाला न जुमानणारी.
याला स्यूर तेनार म्हणतो, आणि म्हणताना थुंकतो,
कारण फळीत आलं तर फळी पिळवटते.
पण नाळेला हवा असतो हाच बाक,
एकही रेषा न तुटता वळलेला.

संध्याकाळी ओढत आणलं तेव्हा
तो बोटघराच्या दारात खुर्चीवर होता,
समोर तुळईला ओळंबा टांगून.
"नजर ठेवायला काहीतरी लागतं," म्हणाला, जरा ओशाळून.
मग वाकायचं नाही हे विसरून वाकला,
कापावर अंगठा फिरवत गेला
आणि तांबूस कड्याशी थांबला.
"सत्ताविसावं?"
"हो."
त्या साली दरडीखाली काय काय गेलं
ते त्याने कधी सांगितलेलं नाही.
भोवळ आली असावी. त्याने हात लांबवला,
दोरी धरली, डोळे मिटले.
शिशाचा गोळा बराच वेळ हलत होता.

"साल उद्या काढ," तो म्हणाला.
"आज राहू दे, ओलं आहे."