पोळ आणि उन्हाळ

जुईनगरात लोकरीचे मोजे कोण घालतं,
हे आमच्या वॉचमननेसुद्धा विचारून झालंय.
मे महिन्यात सुया घामाने घसरतात,
लोकर बोटांना चिकटते,
पंख्याखाली गुंडा मांजरासारखा अंग फुलवून बसतो.
तरी विणते.

साली आणते वाशीच्या मार्केटातून, कांद्याच्या गाळ्यावरून.
मारुती ढेबे, माथाडी, जावळीकडचा,
पहिल्यांदा म्हणाला, "ताई, लोकं कांदा नेतात."
आता गोण झाडून झाली की
साली एका बाजूला लोटून ठेवतो,
उडू नयेत म्हणून वर एक नासका कांदा.

रात्रभर लोकर तुरटीच्या पाण्यात.
सकाळी जुन्या कुकरात साली उकळायच्या.
वास गोडसर,
भाजीचं आश्वासन देऊन भाजी न देणारा.
मुलगा दोनदा फसला, ताट घेऊन आला.
गाळलेल्या पाण्यात लडी सोडली की आधी काहीच होत नाही.
मग कडेकडेने पिवळी,
मग तांबूस,
मग चिंचेने घासलेल्या तांब्यासारखी.
तिचं एक टोक गंजक्या खिळ्यांच्या पाण्यात बुडवलं
की तेवढंच शेवाळतं.
ग्रिलला टांगली की समोरच्या पाटणकरबाई ओरडतात,
"शेवया का गं? एवढ्या जाड?"

सव्वीस वर्षं तुर्भ्याच्या डाय कंपनीत
मी रंग जुळवले.
दिव्याच्या पेटीत दोन चिंध्या शेजारी शेजारी,
डोळे बारीक करून.
फरक पॉइंट चार, चालेल.
फरक पॉइंट आठ, लॉट परत.
ती खोड डोळ्यांतून गेली नाही;
लग्नाच्या पंगतीत मला
लोकांच्या साड्यांचे न जुळणारे फॉल दिसतात.

आणि आता हे:
चौसष्ट टाके, चार सुयांवर सोळा-सोळा, पाचवी फिरती.
दोन सुलट, दोन उलट.
तांबूस चालता चालता मध्येच हिरवट लकेर येते,
दोन ओळी टिकते, विरते.
कुठे येईल मला माहीत नसतं.
रजिस्टरवर कुणाची सही लागत नाही.

टाच ही खरी गंमत.
तोवर नुसती नळी असते,
गोल गोल, टीव्हीकडे बघत विणावी अशी.
टाचेला टीव्ही बंद.
अर्धे टाके थांबवून ठेवायचे,
उरलेल्यांवर जायचं आणि एक टाका अलीकडूनच फिरायचं,
पुन्हा जायचं, त्याच्याही अलीकडून फिरायचं,
आणि सरळ, सपाट विणत असताना
कापडाला खोलगट पोट येतं.
कुठून, ते तीस जोड्यांनंतरही
मला नीट सांगता येणार नाही.
बोटं आत घालून बघते.
वाटी.
कुणाच्या तरी टाचेएवढी रिकामी.

यंदा मारुतीच्या टाचेएवढी.
गोणपाटावर पाऊल ठेव म्हटलं तर लाजला,
आधी खांद्यावरच्या टॉवेलने तळवा पुसला.
मी खडूने कड काढली.
रुंद पाऊल, बोटं एकमेकांपासून सुटी,
भेगा अशा की लोकर अडकणारच,
म्हणून टाचेला धागा दुहेरी.

डिसेंबरात दिले, तो गावी निघायच्या आदल्या दिवशी.
त्याने उजव्याकडे बघितलं, डाव्याकडे बघितलं.
मीच घाईने म्हटलं,
"कृती तीच, वजन तेच, पण रंग जुळला नाही बघ."
"कसा जुळंल?" तो म्हणाला.
"ह्यो पोळ हाय. ह्यो उन्हाळ."

घरी येऊन वही काढली.
एक लडी नोव्हेंबरची, एक मेची.
पेटी नाही, चिंधी नाही,
गाळ्यातला तो पिवळा, माश्यांनी माखलेला बल्ब,
आणि त्याला दिसलं.

मी काही बोलायच्या आत
त्याने मोजे बंडीत खोचले होते
आणि पुढची गोण पाठीवर घेतली होती.