खिळे

खोबरेल गोठलं.
न्हाणीतल्या फळीवरची निळी बाटली उलटी धरली तरी थेंब येईना.
पुण्यात एवढंच गोठतं,
आणि चेनवरचं ग्रीस.

साडेपाचला दापोडीतून निघतो.
स्वेटरच्या आत कालचा पेपर, छातीवर आडवा.
वारा त्याच्याशी झटापट करतो,
हाडापर्यंत पोचत नाही.
हे मला एका दूधवाल्यानं शिकवलं, सत्त्याऐंशी साली.
हातात मोजे. पायातलेच.
अंगठ्याला वेगळी खोली नाही त्यांत,
घंटी वाजवायची तर अख्खी मूठ आपटावी लागते.
कुत्री तेवढ्यानं उठत नाहीत.
शेकोटीच्या राखेत वेटोळं करून पडलेली असतात रस्त्याच्या मधोमध,
मीच वळसा घालतो.

हॅरिस पुलावर नदी दिसत नाही.
नुसती वाफ, आणि वाफेला नदीचा वास.
इथं मी उतरून चालतो.
चढ म्हणून नव्हे,
गुडघा अजून जागा झालेला नसतो.

वृषाली फिनलंडात असते.
तिच्या गावाचं नाव मला म्हणता येत नाही,
ती म्हणते, बाबा, तुम्ही नुसतं 'तिकडे' म्हणा.
तिकडे वजा अठरा.
तिकडे ती सायकलनं कामावर जाते,
बर्फावरून, अंधारात. दहाला उजाडतं म्हणे.
काल फोनवर तिनं चाक दाखवलं.
टायरभर खिळे!
बारीक, चकचकीत, ओळीनं बसवलेले,
टोकं बाहेर.
किंमत सांगितली युरोत.
मी मनातल्या मनात रुपये केले
आणि बायकोला सांगितले नाहीत.

एकतीस वर्षं
शिमला ऑफिसच्या चौकात पाण्याचं घमेलं पुढ्यात घेऊन
लोकांच्या चाकांतले खिळे काढतोय मी.
चपलेचे, खोक्यांचे, टांग्याच्या घोड्याच्या नालेचे,
एकदा तर देव्हाऱ्याचा, पितळी, फुलाच्या डोक्याचा.
परत द्यायला गेलो तर गिऱ्हाईक म्हणालं, आमचा नाही.
डबा भरलाय.
खिळ्यांवरच ती शिकली म्हणा,
आणि आता पैसे मोजून टोचून घेते.

घसरत नाही का गं, विचारलं.
म्हणाली, बर्फावर जोरात ब्रेक दाबायचा नाही.
अंग सैल ठेवायचं.
पडलोच तर पडायचं, हात टेकायचा नाही,
मनगट जातं.
हे कुणी शिकवलं तिला?
मी तर शाळेच्या मैदानावर सीट धरून मागून पळत होतो
आणि ओरडत होतो, ब्रेक, अगं ब्रेक!

वाकडेवाडी सोडली, शेतकी कॉलेजचं रान आलं
की थंडी एकदम कानात शिरते.
मेट्रोचे खांब धुक्यात अर्धेच,
वरचा पूल कुणी उचलून नेल्यासारखा.
डोळ्यांतून पाणी येतं. वाऱ्यानंच.
तिला सांगितलं तर म्हणेल, चष्मा घाला.

चहाच्या गाडीवर बाबर पेपर वाचून दाखवतो,
शिमला ऑफिसचा आकडा: आठ पॉइंट चार.
सगळे कानटोप्या खाली ओढतात,
ग्लास दोन्ही हातांत धरून हूं हूं करतात.
मी वजा अठरा सांगत नाही.
मागं एकदा सांगून बघितलं होतं.
तिकडं हीटर असतो हो, म्हणाले.
रस्त्यावर कसला हीटर.

पहिली ट्यूब बुडवायला घमेल्यात हात घालतो
तेव्हा कळतं बोटं कुठं संपतात ते.
मग कळेनासं होतं.
बुडबुडे सुटतात, एकामागं एक,
भोकावर अंगठा ठेवला की थांबतात.
टायरमधून आतून बोट फिरवलं, टोचलं.
पकडीनं ओढून काढला.
बारीक. चकचकीत. नवाकोरा.

काय निघालं हो, गिऱ्हाईक विचारतं,
हात काखेत घालून, पाय आपटत.

काटा, म्हणालो.
आणि खिळा खिशात टाकला.