चिकटपट्टीखाली

सकाळी सातला गराजचं दार वर केलं
तर तिघंजण आधीच उभे.
फर्गस फॉल्समध्ये लोक चर्चला उशिरा येतात,
सेलला नाही.

रात्रीच मांडून ठेवलं होतं सगळं, घडीच्या टेबलांवर:
बारांच्या सेटातले अकरा पेले,
गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं गिरमिट,
लॉइडच्या मासेमारीच्या टोप्या, चार, एकसारख्याच,
आणि लग्नात आलेलं फाँड्यूचं भांडं,
ज्यात आजवर फक्त किल्ल्या शिजल्या.

पंचवीस सेंटांच्या चमच्यासाठी
गाडी चालू ठेवून घासाघीस करणारी माणसं
मला मनापासून आवडतात.
समोरची अर्डिस आली,
माझ्याच खुर्चीत बसून, खुर्ची डुगडुगते म्हणाली,
दोन डॉलर कमी करून घेऊन गेली.
डुगडुगते खरी. तीस वर्षं डुगडुगत होते मीही तिच्यासोबत.

मी आता दोन खोल्यांत चाललेय राहायला.
लॉइड आधीच एका खोलीत आहे, नदीपलीकडे,
जिथं दारावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलंय,
त्याच्याचसाठी.

दहाच्या सुमाराला, रंगाच्या डब्यांआड,
ब्रेड मशीन सापडलं.
मागच्या उन्हाळ्यात अर्डिसच्या सेलमधून
लॉइड ते काखोटीला मारून आला होता,
"मार्लिस, आपल्याकडे अगदी अस्संच होतं!"
मी कपाळाला हात लावला होता.

वरची पट्टी: १ डॉलर. अर्डिसचा एक, सातासारखा.
नवी किंमत लिहायची म्हणून नखानं सोलली.
खाली ३. लाल शाई, दोनदा अधोरेखित,
टोर्वाल्डसन मास्तर. जाऊन चार वर्षं झाली,
अजून गुण देतायत.
त्याखाली ५, शेजारी हसरा चेहरा,
कोपऱ्यावरचं ते जोडपं, फिनिक्सला गेलेलं,
तिथं वेगळं झालेलं.
आणि सगळ्यात खाली, पिवळी, कुरकुरीत:
१२ डॉलर. कृपया घासाघीस नको.
अक्षर माझं.

म्हणजे अख्ख्या गल्लीनं आळीपाळीनं
हे धूड तळघरात सांभाळलं,
आणि कुणाच्याही घरी पाव फुगला नाही.
फुगणार कसा? झाकण उघडलं
तर आत मळायचं पातंच नाही,
नुसता दांडा, लोलक काढलेल्या घंटेसारखा.

पातं.
अंगठ्याएवढं, एका अंगाला पंख फुटलेलं काळं काहीतरी
स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या खणात
तेरा वर्षं माझ्या बोटांना लागत होतं.
दर वेळी म्हणायचे, कशाचं तरी असेल, राहू दे.
आणि काल रात्री, शहाणपणाच्या झटक्यात,
टाकलं बिस्किटांच्या डब्यात,
खिळे, बिजागऱ्या, बिनकुलपाच्या किल्ल्यांबरोबर.
डब्याचे पन्नास सेंट.

डबा एल्रॉय ब्रँटनं नेला. डाल्टनचा. हिरवा पिकअप.
दोन तासांपूर्वी गेलेल्या गाडीमागं
मी सपातांतच रस्त्यापर्यंत धावले,
वयाच्या बहात्तराव्या वर्षी.
लोक पाहत होते. पाहू देत.

चारला चर्चचा ट्रक आला उरलंसुरलं न्यायला.
अब्दी नावाच्या पोरानं मशीन उचललं,
"आजी, चालतं का हे?"
आजवर कुणी विचारलंच नव्हतं.
मी नवी पट्टी फाडली, किंमत लिहिली नाही.
लिहिलं: पातं एल्रॉयकडं आहे, डाल्टनला. बिस्किटांच्या डब्यात बघा.
त्यानं वाचलं, मान डोलावली,
जणू हे रोजचंच.

संध्याकाळी लॉइडला सांगितलं, गेलं सगळं.
तो बराच वेळ खिडकीबाहेर.
टोप्यांचं विचारलं नाही. माझं नावही नाही.
मग म्हणाला,
आपल्याकडं ब्रेड मशीन होतं, माहितीय?
एकच पाव भाजला. मनुकांचा.
तू पातं धुवायला काढलंस.
तिसऱ्या खणात असेल, बघ.