शेवटचं धड पाहिलेलं

फॉर्मच्या पहिल्याच पानावर विचारतात:
पेशंटला शेवटचं धड कुणी पाहिलं, किती वाजता.
मुलगा म्हणाला, साडेसहाला उठलो तर
आई ओट्यापाशी पडलेली.
रात्री दहाला झोपली तेव्हा ठीक होती.
म्हणजे रात्रीचे दहा.
म्हणजे साडेचार तास केव्हाच उलटून गेले.

तरी मी चित्रांची कार्डं काढली.
डॉक्टर परीख नवे होते. बोट ठेवून म्हणाले,
आ शुं छे, बा?
तारामती पायगुडे, दांडिया बाजार, फॉल-पिको,
चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी
गुजरातीतच घासाघीस केलेली,
वाकड्या तोंडानं म्हणाल्या, निवडुंग.
परीखांनी लिहिलं, असंबद्ध.
किल्ली.
असंबद्ध.
सर, थांबा, मी म्हटलं,
बरोबर सांगतायत. तुमच्या थोरला आम्ही निवडुंग म्हणतो.
पुढच्या कार्डाला त्यांनी माझ्याकडे पाहिलं
आणि झोळी म्हणाल्या, अगदी हळू,
आत कुणी निजलं असावं तसं.

उजवा हात स्ट्रेचरवरून लोंबत होता.
गुजराती गेली होती.

तेव्हा सुचलं ते विचारलं:
सकाळी कुणाशी बोलल्या का? गुजरातीत?
मुलानं दूधवाल्याला फोन लावला.
कानजी भरवाड म्हणाला, बोलल्या ना,
जाळीतून पातेलं पुढे करून:
छुट्टा नथी, काले आपीश.
उधारी तो मोबाइलात लिहितो, वेळेसकट.
पाच पंचावन्न.

मधे गल्लीतला दवाखाना,
तिथे अशक्तपणा म्हणून लावलेलं सलाईन,
मांडवीपाशी अडकलेली रिक्षा,
आणि आमचीच केसपेपरची रांग.
घड्याळात दहाला पाच कमी.
अर्धा तास होता. सीटी पलीकडच्या इमारतीत.
स्ट्रेचर मी ढकललं. ते माझं काम नाही,
माझं काम वेळा लिहिणं.
सुई दहा वीसला, असं लिहिलं.

समासात मी नोंदवलेलं,
उत्तरं बरोबर, मराठीत.
अहमदाबादहून तपासायला आलेल्या माणसानं
त्याभोवती लाल गोल काढला:
हे कुठल्या रकान्यात?
अजून उत्तर दिलेलं नाही.

नव्वदाव्या दिवशी ठरलेला फोन केला.
चालता का? काठी घेऊन.
शिवणकाम? सून करते, टाके लांब घालते.
फॉर्मवर नव्हतं तेही विचारलं, गुजराती?
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग म्हणाल्या,
कानजी आता सुटे म्हणायला शिकलाय.